आत घेतलेल्यांचं पुढे काय होतं?

विद्यापीठात विविधतेवर बैठक असली की मी एकच प्रश्न विचारते. दहा वर्षांपूर्वी घेतलेली माणसं आज कुठल्या पदावर आहेत? भरतीत महिला किती, अपंग किती, वंचित समाजातले किती, हे आकडे तोंडपाठ असतात. पुढची नोंद मात्र कुणाकडेच नसते. माझ्या मते खरी परीक्षा तिथेच आहे.

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या जीवशास्त्रज्ञ नॅन्सी हॉपकिन्स यांना संशोधनासाठी जादा जागा हवी होती. मागून मागून मिळेना, तेव्हा त्या स्वतः टेप घेऊन प्रयोगशाळा मोजत फिरल्या. पुरुष सहकाऱ्यांच्या मानाने आपल्याला जागा कमी आहे, हे त्यांनी फुटाफुटाने सिद्ध केलं. मग बाकीच्या जणींशी बोलणं झालं. १९९४ साली तिथल्या विज्ञान शाखेत कायम पदावर अवघ्या १५ महिला होत्या, आणि जवळजवळ प्रत्येकीचा अनुभव तोच. या महिलांच्या स्थितीवर एमआयटीत निघालेल्या १९९९ च्या अहवालातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नव्याने लागलेल्या तरुण प्राध्यापिकांना आपल्याशी नीट वागतात असं वाटत होतं. वर जाल तसतसं बाजूला सारलं जाणं वाढत होतं. म्हणजे दार उघडं होतं, जिना नव्हता.

आणि हे झालं प्राध्यापकांचं. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचं तर कुणी मोजायलाही गेलं नाही.

व्हिव्हियन थॉमस हे कृष्णवर्णीय तंत्रज्ञ १९३० मध्ये सर्जन आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत लागले. काम संशोधनाचं, पगार सफाई कामगाराच्या श्रेणीचा. जन्मजात हृदयदोषाने निळ्या पडणाऱ्या बाळांवरची शस्त्रक्रिया त्यांनी आधी कुत्र्यांवर करून बसवली. १९४४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या रुग्णालयात ती पहिल्यांदा एका बाळावर झाली, तेव्हा ते ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाक्या-टाक्याला सांगत होते. शोधनिबंधावर त्यांचं नाव नव्हतं. विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये. बत्तीस वर्षं!

हा जुना काळ म्हणून सोडून देता येत नाही मला. आमच्याकडे प्रयोगशाळेत एक ताई आहेत, बावीस वर्षं त्याच पदावर. सेंट्रिफ्यूज, म्हणजे नमुन्यांच्या नळ्या गरगर फिरवणारं यंत्र, सुरू झालं की नुसत्या आवाजावरून त्या सांगतात, नळ्यांचं वजन समतोल नाही, बंद कर. पीएचडीची मुलं पहिले सहा महिने त्यांच्याकडूनच शिकतात. प्रबंध पूर्ण झाला की आभाराच्या पानावर त्यांचं नाव येतं, कधी तेही राहतं. बढतीच्या अर्जात विचारतात शोधनिबंध किती, परिषदा किती. ताईंना परिषदेला पाठवलंय कुणी?

ब्रिटनमधल्या विद्यापीठांनी २०१७ पासून 'टेक्निशियन कमिटमेंट' स्वीकारायला सुरुवात केली. तंत्रज्ञांचं काम दिसलं पाहिजे, त्याला मान मिळाला पाहिजे आणि पुढे जायची वाट असली पाहिजे, असं संस्था त्यात लेखी कबूल करते. असं काही प्रत्येक विद्यापीठात हवं. प्रशिक्षण कामाच्या वेळेत हवं, सुट्टीच्या दिवशी नको. बाळंतपणाच्या किंवा आजारपणाच्या रजेवरून परतलेल्या माणसाची ती वर्षं ज्येष्ठतेतून कापू नयेत. बढती नाकारली तर कारण लेखी द्यावं, म्हणजे पुढच्या वर्षी काय करायचं ते त्या माणसाला कळेल. कंत्राटी लोकांना तर अर्जाचा हक्कही नसतो. त्यावर वेगळं लिहीन, कारण तो विषय दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.

गेल्या आठवड्यात ताईंसोबत बसून त्यांचा अर्ज भरला. 'संस्थेसाठी केलेले योगदान' या रकान्यात तीन ओळींची जागा आहे. ताई म्हणाल्या, "एवढंसं लिहू ना? जास्त बरं दिसेल का?" आम्ही सात पानं वेगळी जोडली. कुठलं यंत्र कधी बंद पडलं, कुणी चालू केलं, कुणाला शिकवलं, सगळं तारखांसकट त्यांच्या वहीत होतं.