हद्द संपली की बस संपते, आणि दोष मात्र आमचा

“एकट्याने गाडी चालवू नका.” फलकावर तेच, रेडिओवर तेच, ऑफिसच्या मेलमध्येही तेच. वाचलं की तळपायाची आग मस्तकात जाते. चार रिकाम्या सीट घेऊन रोज सकाळी कोंडीत उभं राहायची मला हौस आहे का? क्लच दाबून दाबून गुडघा दुखतो, पेट्रोल जळतं, घरी पोचेपर्यंत कुणाशी धड बोलायचं त्राण उरत नाही. गाडी सोडायला मी आजच्या आज तयार आहे. पण मग जाऊ कशाने, असं विचारलं की सगळे गप्प!

माझं घर एका महापालिकेत, काम दुसरीत, आणि मधला पट्टा तिसऱ्याच कुणाच्या अखत्यारीत. यात काही विशेष नाही, लाखो लोकांचं हेच आहे. घर परवडतं तिथे घ्यावं लागतं, नोकरी मिळते तिथे करावी लागते. पण बस मात्र हद्दीच्या कमानीपाशी येते आणि वळते. पुढची बस दुसऱ्या उपक्रमाची. ती रस्त्यापलीकडून सुटते, आणि पहिली पोचायच्या जरा आधीच निघून गेलेली असते. तिकीट वेगळं, पास वेगळा, अ‍ॅप वेगळं. तक्रार केली तर पहिले म्हणतात, आमची बस वेळेवर पोचली. दुसरे म्हणतात, आमची वेळेवर सुटली. दोघंही खरं बोलतात आणि मी थांब्यावर उभी! दर दहा मिनिटांनी बस असती तर एक चुकल्याचं काही वाटलं नसतं. तासाला एक बस असते तेव्हा दोन वेळापत्रकं जुळणं हेच सगळं असतं, आणि नेमकं तेच काम कुणाचंच नाही. वाहतुकीचं नियोजन करणारे आपल्या हिशेबात थांब्यावरचं एक मिनिट बसमध्ये बसलेल्या साधारण दोन मिनिटांइतकं धरतात. म्हणजे हा त्रास त्यांना माहीत आहे, त्यांच्या सूत्रांमध्ये तो लिहिलेला आहे. तरीही वेळा जुळत नाहीत.

आणि हे काही न सुटलेलं कोडं नाही! जर्मनीतल्या हॅम्बुर्गने १९६५ मध्येच बस, मेट्रो, उपनगरी रेल्वे चालवणाऱ्या वेगवेगळ्या संस्थांना एका वाहतूक संघात आणलं. तिकीट एक, वेळापत्रकाचं नियोजन एकत्र. झ्युरिकच्या संपूर्ण प्रदेशात १९९० पासून तेच चालू आहे. प्रवाशाने भाडं द्यायचं ते किती टापू ओलांडले त्याचं. बस कुणाच्या मालकीची, पैसे आपापसात कसे वाटायचे, ही त्यांची डोकेदुखी, प्रवाशाची नाही. या गोष्टीला साठ वर्षं झाली. साठ वर्षं! आणि आपल्यासमोर अजून “एकात्मिक तिकिटाच्या शक्यतेचा अभ्यास करण्यासाठी समिती” ठेवतात, मग त्या समितीला मुदतवाढ देतात, मग अध्यक्ष बदलतात. घोंगडं भिजत पडलंय ते पडलंयच.

स्वित्झर्लंडचं उदाहरण तर मला फार लागतं, कारण तिथे विचाराची दिशाच वेगळी होती. १९८२ मध्ये देशभर ठरावीक अंतराने गाड्या सोडायला सुरुवात केली, आणि १९८७ मध्ये पुढच्या मोठ्या योजनेवर लोकांचं मत घेतलं. त्या योजनेचा गाभा असा की आधी वेळापत्रक आखायचं: मोठ्या स्टेशनांवर सगळीकडून गाड्या पूर्ण तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या आसपास एकत्र याव्यात, माणसांनी गाडी बदलावी, आणि सगळ्या पुन्हा सुटाव्यात. झ्युरिक ते बर्न हा प्रवास तासाच्या आत बसला पाहिजे, म्हणून तिथे नवा मार्ग बांधला आणि डिसेंबर २००४ पासून तो तासाच्या आत बसला. जगातली सर्वांत वेगवान गाडी त्यांना नको होती, पुढची गाडी चुकू नये इतकाच वेग हवा होता. आधी माणसाचा प्रवास, मग काँक्रीट. आपल्या डोक्यावर मात्र आधी उड्डाणपूल येतो. त्यावरून कुठली बस जाणार, ती कुठे थांबणार, पुलाखालच्या माणसाने तिथवर चढायचं कसं, हे प्रश्न उद्घाटनानंतर उरतात आणि तसेच राहतात.

पुलांचा आणि रुंदीकरणाचा विषय निघालाच आहे, तर तेही बोलते. मागच्या वेळी रस्ता रुंद केला तेव्हा काही महिने बरं गेलं. मग कोंडी परत आली, अधिक लांब होऊन. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ मध्ये रुंद करून झाला, बाजूचे सेवारस्ते धरले तर काही ठिकाणी २६ लेन. काही वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास तिथे पुन्हा लांबला. अँथनी डाउन्स या अर्थतज्ज्ञाने १९६२ मध्येच लिहून ठेवलं होतं की गर्दीच्या वेळी नवा रस्ता भरेपर्यंत गाड्या येत राहतात. डुरान्टन आणि टर्नर यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या शहरांची आकडेवारी मांडून दाखवलं की लेन जितक्या वाढतात, जवळपास त्याच प्रमाणात गाड्या धावतात ते एकूण अंतर वाढतं. हे सगळं छापील आहे, उघड आहे. तरी पैसा पहिल्यांदा रस्त्याला जातो, आणि “पर्यायी वाहतूक” या नावाखाली जे उरतं त्यात चार फलक आणि एक सायकल फेरी. त्या सायकल फेरीचा फोटो पेपरात येतो. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर सायकल चालवायची कुणाची छाती होत नाही.

आता ऑफिसच्या कारपूलबद्दल. अ‍ॅप आलं, नोंदणी करा म्हणून मागे लागले, आम्ही केली. माझ्याच वाटेवरच्या दोघीजणी सापडल्यादेखील. काही आठवडे चाललं आणि मोडलं, कारण संध्याकाळी सुटायची वेळ आमच्या हातात नाही. साडेपाचला साहेबांना मीटिंग आठवते. एकीचं मूल तापलेलं असतं, तिला दुपारीच निघायचं असतं. जी मागे राहिली ती घरी जाणार कशी? या एका प्रश्नाचं उत्तर नाही, म्हणून तिघी पुन्हा तीन गाड्यांत. हा प्रश्नसुद्धा नवा नाही! बऱ्याच ठिकाणी मालक किंवा प्रादेशिक वाहतूक संस्था हमीच देतात: तुम्ही बसने किंवा कुणाबरोबर आलात आणि अचानक निघावं लागलं किंवा उशीर झाला, तर घरी सोडायच्या टॅक्सीचा खर्च आमचा. असा प्रसंग वारंवार येत नाही, म्हणून खर्च फारसा होत नाही. पण ती हमी असल्यामुळे बाई सकाळी गाडी घरी ठेवायला धजावते. आम्ही हे लेखी मागितलं. उत्तर आलं: “धोरणात तरतूद नाही.”

मात्र पार्किंगची तरतूद आहे. पूर्ण तळमजला, फुकट. जो एकटा गाडी घेऊन येतो त्याला ती जागा मिळते, आणि जो बसने धक्के खात येतो त्याला काही नाही. हा सरळसरळ अन्याय आहे आणि मला त्याची चीड येते, मी त्या पार्किंगची लाभार्थी असूनही येते. कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये कायदा केला: मालक भाड्याने जागा घेऊन नोकरांना फुकट पार्किंग देत असेल, तर ज्याला ते नको त्याला तेवढे पैसे रोख द्यायचे. डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी अशा आठ कंपन्या तपासल्या. एकट्याने गाडी आणणाऱ्यांचं प्रमाण ७६ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर आलं. ना नवा पूल, ना प्रबोधन सप्ताह. जो पैसा जमिनीवर पसरला होता तोच माणसाच्या हातात दिला, एवढंच. आमच्याकडे हे मांडलं तेव्हा एचआरचा माणूस म्हणाला, लोक पैसे घेतील आणि गाडी बाहेर रस्त्यावर लावतील. शंका रास्त आहे. मग बाहेरच्या रस्त्यावर पार्किंगचे नियम लावा! पण बाहेरचा रस्ता महापालिकेचा, आत कंपनीचा, आणि दोघांचं बोलणं होत नाही. प्रत्येक वेळी मी याच भिंतीवर येऊन आपटते.

आणि लोक एकत्र प्रवास करायला तयार नसतात, हे मला कुणी ऐकवू नये. वॉशिंग्टनच्या उपनगरांत १९७० च्या दशकापासून अनोळखी माणसं सकाळी ठरलेल्या जागी रांग लावतात आणि गाडीवाले त्यांना फुकट शहरात नेतात. कारण तिथल्या महामार्गावर ज्या गाडीत पुरेशी माणसं असतील तिला मोकळी लेन मिळते. कुठल्या सरकारी खात्याने ती रांग लावली नाही. लेन दिली, वेळ वाचायला लागला, आणि माणसांनी बाकीचं आपण होऊन जमवलं. जकार्तात याची दुसरी बाजू दिसली. तिथे मुख्य रस्त्यांवर गर्दीच्या वेळी गाडीत किमान तीन माणसं असावीत असा नियम होता. लोक पैसे देऊन गाडीत बसायला माणसं घेत, त्यात कडेवर मूल घेतलेल्या बायकासुद्धा. नियमाला अशा पळवाटा फुटल्या म्हणून २०१६ मध्ये थोड्या दिवसांच्या सूचनेवर तो काढूनच टाकला. संशोधकांनी गूगल मॅप्सच्या आकड्यांवरून मोजलं: त्या रस्त्यांवरचा संध्याकाळचा खोळंबा ८७ टक्क्यांनी वाढला, आणि ज्या रस्त्यांना तो नियम कधी लागूच नव्हता तेही जास्त तुंबले. एवढ्या गळक्या नियमानेसुद्धा शहर बरंच तोलून धरलं होतं. म्हणून “भागीदारी प्रवासाने काही फरक पडत नाही” असं कुठला अधिकारी म्हणाला की माझा संयम सुटतो.

शुल्क लावायचं म्हणतात. लावा. गर्दीच्या रस्त्यावर यायचे पैसे घ्या, माझा विरोध नाही. पण क्रम पाहा! लंडनने १७ फेब्रुवारी २००३ ला गर्दी शुल्क सुरू केलं तेव्हा त्याच दिवशी सुमारे ३०० जादा बस रस्त्यावर होत्या. स्टॉकहोमने नव्या बस ऑगस्ट २००५ मध्ये सोडल्या आणि शुल्काची चाचणी जानेवारी २००६ मध्ये घेतली. शुल्काच्या हद्दीची सीमा ओलांडणारी वाहनं साधारण पाचव्या भागाने कमी झाली, आणि त्यानंतर शहरातल्या लोकांनी मतदानात शुल्काच्या बाजूने कौल दिला. आधी बस, मग शुल्क. आमच्यासाठी जे मसुदे फिरतात त्यात शुल्काची तारीख असते, बसच्या पुढे “टप्प्याटप्प्याने” लिहिलेलं असतं. टप्प्याटप्प्याने म्हणजे कधी? आणि तोवर ज्याच्याकडे गाडीशिवाय दुसरं काहीच नाही त्याने काय करायचं, पगार कापून घ्यायचा?

सर्वेक्षणांचा तर मला वीट आलाय. फॉर्ममध्ये घर आणि ऑफिस एवढ्या दोनच जागा विचारतात. सकाळी मुलाला शाळेत सोडायचं, येताना सासूबाईंची औषधं घ्यायची, भाजी, कधी बँक, हा सगळा प्रवास कुठल्याच रकान्यात बसत नाही, आणि तो बहुतेक बायकांच्याच वाट्याला येतो. “तुम्ही बस वापराल का?” असा प्रश्न असतो. कुठली बस? किती वाजताची? थांब्यावर दिवा आहे का? रात्री साडेनऊला उतरल्यावर घरापर्यंतची वाट चालण्यासारखी आहे का? यातलं काहीही न विचारता “६० टक्के नागरिक खासगी वाहनालाच पसंती देतात” अशा धाटणीचा निष्कर्ष काढायचा, आणि तो पुढच्या रस्त्याच्या प्रस्तावाला जोडायचा. आमची मजबुरी आमच्या पसंतीच्या नावाने खपवतात. मला सगळ्यात जास्त संताप याचाच येतो.

या संपूर्ण प्रदेशाच्या प्रवासाला धनी नाही. बसला आहे, रस्त्याला आहे, रेल्वेला आहे, पार्किंगला आहे. घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत जाणाऱ्या माणसाला कुणी नाही. म्हणून मला आता नवं अ‍ॅप नको, सप्ताह नको, शपथ नको. एक कार्यालय हवं, ज्याच्या हातात सगळ्या हद्दींची वेळापत्रकं आणि तिकिटं असतील, आणि ती बदलायचा अधिकारही असेल, नुसता समन्वयाचा नाही. त्या कार्यालयाने प्रत्येक थांब्यावर लिहावं की शेवटची बस किती वाजता, ती पुढच्या कुठल्या बसला जोडलेली आहे, आणि ती जोडणी तुटली तर घरी पोचवायची जबाबदारी कोणाची, फोन नंबरासकट. तो नंबर रात्री साडेनऊला लावला तर उचलला गेला पाहिजे. तोवर उद्या सकाळी मी गाडी काढणार आहे, एकटीच, आणि त्याबद्दल मला एकाही फलकाने बोल लावायचा नाही.