टचस्क्रीनमुळे म्हणे ड्रायव्हरचं लक्ष कमी विचलित होतं!

"गाडीत बटणं म्हणजे जुनाट टेक्नॉलॉजी, जगभरातून हद्दपार होतायत, टचस्क्रीनमुळे ड्रायव्हरचं लक्ष कमी विचलित होतं, बटणं झिजतात, स्क्रीन अपडेट होते" असा एक फॉरवर्ड फिरतोय. काकांनी तो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि आता भाचा बिनबटणाची गाडी बुक करायला निघालाय, म्हणून हा खटाटोप.

लक्ष कमी विचलित होतं?? हे लिहिणाऱ्याने भर पावसात ताम्हिणी घाट चढवून दाखवावा. काचेवर आतून वाफ धरलीय, बाहेर धुकं, मागे एसटी हॉर्न मारतेय, अशात नॉब असेल तर हात आपसूक जातो, बोटाला खाच लागते, टक टक फिरवलं की झालं, नजर रस्त्यावरच. सपाट स्क्रीनवर बोटाला काही लागतच नाही, म्हणजे बघावंच लागणार, त्यात खड्डा आला की बोट घसरून डिफॉगरऐवजी रेडिओ सुरू.

बरं, हे नुसतं माझं म्हणणं नाही. स्वीडनच्या 'वी बीलेगारे' या कार मासिकाने २०२२ मध्ये टेस्ट घेतली. ताशी ११० किमी वेग, कामं साधीच, म्हणजे सीट हीटर, तापमान, रेडिओचं स्टेशन वगैरे, आणि ड्रायव्हरना गाडीची सवय व्हायला आधी वेळही दिला होता. २००५ च्या बटणवाल्या व्होल्वोत सगळं १० सेकंदांत उरकलं, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. एमजी मार्व्हल आर या टचस्क्रीनवाल्या गाडीत लागले ४४.९ सेकंद, म्हणजे १,३७२ मीटर. सव्वा किलोमीटरच्या वर, काका!

आणि हद्दपार कसली? फोक्सवॅगन बटणं परत आणतेय. युरो एनसीएपी, म्हणजे गाड्यांची सुरक्षा तपासून स्टार देणारी युरोपातली संस्था, तिच्या २०२६ च्या नियमांत इंडिकेटर, वायपर, हॉर्न, हॅझर्ड यांना खरी बटणं नसतील तर मार्क कापतात. अमेरिकी नौदलाची युद्धनौका 'जॉन एस. मॅकेन' २०१७ मध्ये सिंगापूरजवळ टँकरला धडकली, १० खलाशी गेले, चौकशीत टचस्क्रीन कंट्रोलचा गोंधळही पुढे आला, नंतर नौदलाने हाताने ओढायचे थ्रॉटल (वेगाचे दांडे) परत बसवायचं ठरवलं.

झिजण्याचं म्हणाल तर एक बटण गेलं तर एकच जातं, स्क्रीन गेली की सगळंच बसलं. अपडेटचा मुद्दा मात्र खरा आहे, मान्य. मॅप आणि रिव्हर्स कॅमेऱ्याला स्क्रीन हवीच, तिथे माझं भांडण नाही.

भाच्या, बुकिंगआधी टेस्ट ड्राइव्ह घे आणि शेजारी बसलेल्या सेल्समनला सांग, समोर बघत एसी दोन डिग्रीने वाढवून दाखव.