बेकारीचा आकडा आणि घरांची कुलपं

मागच्या आठवड्यात पुण्याला एका लग्नात जुना वर्गमित्र भेटला. जेवताना म्हणाला, "तुम्हा मराठवाड्यावाल्यांचं रडगाणं आता पुरे कर. महाराष्ट्रात बेकारी तीन टक्के आहे. उलट खुरपायला बाई मिळत नाही म्हणून तुम्हीच ओरडता." पंगतीत वाद नको म्हणून गप्प बसलो. पण परतीच्या एसटीत बीड येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. चोवीस वर्षं बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवतोय. याचं उत्तर मी नाही द्यायचं तर कोणी द्यायचं?

त्याचा आकडा खोटा नाही. केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात २०२२-२३ साली महाराष्ट्राची बेकारी ३.१ टक्के होती, देशाची ३.२. पण त्याच तक्त्यात जरा वरखाली बघा. गोवा ९.७, केरळ ७, आणि मध्य प्रदेश फक्त १.६. नुसत्या या रकान्यावर नंबर लावले तर मध्य प्रदेश पहिल्या बाकावर आणि गोवा शेवटच्या. आता बहुआयामी गरिबीचा, म्हणजे आरोग्य, शिक्षण आणि राहणीमानातल्या उणिवांवरून मोजलेल्या गरिबीचा, तक्ता शेजारी ठेवा. २०१९-२१ च्या पाहणीवरून नीती आयोगाने काढलेली गरिबी मध्य प्रदेशात २०.६३ टक्के, गोव्यात ०.८४, केरळात ०.५५. दरडोई उत्पन्नात गोवा देशात अगदी वरच्या राज्यांत. सगळं उलटंपालटं झालं.

कारण साधं आहे. बेकार म्हणून मोजलं जायला आधी रिकामं बसणं परवडावं लागतं. घरात वडिलांची पेन्शन असेल तर पदवीधर मुलगा सरकारी जाहिरातीची दोन वर्षं वाट पाहू शकतो आणि सर्वेक्षणवाल्याला "काम शोधतोय" असं सांगू शकतो. ज्याच्या घरात संध्याकाळच्या पिठाचा प्रश्न आहे तो मिळेल ते काम करतो. आठवड्याच्या हिशोबाने मोजणी असेल तर सात दिवसांत एक तास काम केलेला माणूसही रोजगारातच धरतात. घरच्या शेतात बिनपगारी राबणारी सूनही रोजगारातच. गरीब जिल्ह्यात बेकारी कमी दिसते ती अशी.

आमच्याकडे दिवाळी झाली की वस्त्या ओस पडतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला जोडपी सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. बाईची वेगळी मोजणीच नाही. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. पहाटे चारला फडात उतरून, मोळ्या बांधून, गाडी भरून दोघांनी दिवसात दोन टन तोडला तर ७३२ रुपये. माणशी ३६६. तेही उचलीतून वळते होणार. बेकारीच्या रकान्यात या दोघांची नोंद कुठे? कुठेच नाही. ते पूर्ण रोजगारात आहेत.

चार वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. दहावीला ७८ टक्के. आई-बाप फडावर गेले की ती आजीजवळ राहायची, धाकट्या भावाला शाळेत धाडून कॉलेजला यायची. मागणीची वक्ररेषा तिने फळ्यावर काढली तशी माझ्या वर्गात कोणी काढली नाही. बारावीच्या वर्षी गणपतीत आजी वारली. दिवाळीनंतर पहिल्या दिवशी हजेरी घेतली, तिचं नाव पुकारलं, उत्तर नाही. घरी गेलो तर दाराला कुलूप. ती भावाला सांभाळायला आणि कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, भाकरी थापायला आई-बापाबरोबर गेली होती.

ही मुलगी कुठल्या आकड्यात सापडते ते मी नंतर शोधत बसलो. घरकाम करते, नोकरी शोधत नाही, म्हणजे श्रमबलाच्या बाहेर. बेकारीत नाही. बहुआयामी गरिबीत शिक्षणाची कसोटी अशी की घरात एकाने तरी सहा वर्षं शाळा केलेली असावी. तिने दहावी केली, त्यामुळे तिचं घर तिथे पास, आणि तेही तिच्याच जिवावर. शाळेतल्या हजेरीची कसोटी आठवीच्या वयापुरती, हिचं वय सतरा. तिची गैरहजेरी तिथे मोजलीच जात नाही. गॅस, वीज, बँक खातं, संडास ही सुधारणा खरी आहे, मी डोळ्यांनी पाहिली. महाराष्ट्राची ही गरिबी जवळपास १५ वरून ७.८१ टक्क्यांवर आली त्याचा मला आनंदच आहे. पण या मुलीचं बारावीचं वर्ष त्या आकड्यात कुठे मावत नाही.

उरलं उत्पन्न. राज्याचं दरडोई उत्पन्न २०२३-२४ मध्ये पावणेतीन लाखांच्या वर गेलं. त्याच राज्यात ग्रामीण भागात रेशनच्या प्राधान्य यादीची मर्यादा अख्ख्या कुटुंबाला वर्षाला ४४ हजार. जिल्ह्याचं उत्पन्न काढताना माल कुठे तयार झाला ते धरतात, तो कोणाच्या घामातून आला किंवा पैसा कोणाच्या घरी गेला ते नाही. आमच्या माणसांनी तोडलेला ऊस सांगलीच्या खात्यावर. चंद्रपूर त्याहून बोलकं उदाहरण. कोळसा, २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र, सिमेंट, कागद, यामुळे तिथला दरडोई आकडा विदर्भातल्या कित्येक जिल्ह्यांपेक्षा वर दिसतो. आणि गडचांदूरच्या सिमेंटच्या चिमण्यांवरून नजर वर नेली की माणिकगडचा डोंगर, वर जिवती तालुका, कोलामांचे पाडे. एकाच जिल्ह्याची एकच सरासरी. उद्या सुरजागडच्या लोहखनिजाने गडचिरोलीचा आकडाही उडी मारेल. तेव्हा एटापल्लीच्या घराघरांत किती आलं हे विचारणारा रकाना आपल्याकडे असायला हवा.

हे सगळं आपल्याला नवीन नाही. १९८३ साली नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकरांच्या समितीने जिल्हावार रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य मोजून राज्याच्या सरासरीशी ताडून पाहिलं आणि ३१८६ कोटींचा अनुशेष, म्हणजे सरासरी गाठायला राहिलेली तूट, काढला. जिल्हे मोजल्यामुळे एक गोष्ट उघड झाली. विदर्भ-मराठवाड्याबरोबर 'उर्वरित महाराष्ट्रा'च्या पोटातही एकतृतीयांशाहून जास्त अनुशेष निघाला. घटक बदलला की चित्र बदलतं. पुढे मानव विकास कार्यक्रमाने आणखी खाली उतरून १२५ तालुके निवडले. आमच्या मुली ज्या निळ्या बसने कॉलेजला येतात ती त्यातूनच आली. तालुका मोजला म्हणून बस आली.

श्रमबल सर्वेक्षणात २०२५ पासून जिल्हा हा मूळ घटक धरलाय, हे चांगलंच झालं. माझं म्हणणं एवढंच की जिल्ह्याची बेकारी छापाल तेव्हा शेजारी माणशी रोजाची कमाई छापा, वर्षातून किती दिवस काम होतं ते छापा, आणि किती माणसं किती महिने घराबाहेर होती ते छापा. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठीच्या विकास मंडळांची मुदत २०२० च्या एप्रिलमध्ये संपली, त्यानंतर हा हिशोब मागायला हक्काची जागाच उरलेली नाही. ती मंडळं परत आणा, हे मी तरी लावून धरणार आहे.

तोवर स्वतःपुरतं ठरवलंय. यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी हजेरी झाली की वहीत लिहायचं: किती बाकं रिकामी, त्यातल्या मुली किती, आणि कोण कुठल्या कारखान्याच्या फडावर. पाटोदा, धारूर, वडवणी, गेवराई, पाथर्डी, जिथे कुठे तुम्ही शिकवता, तिथला आकडा काढून मला कळवा. मी तालुकावार तक्ता करतो.