त्या कपलरला कटर लावू नका

आज दुपारी मी एका अनोळखी पोरावर भर वर्कशॉपमध्ये ओरडले. आवाज इतका चढला की शेजारच्या गाडीखाली झोपून काम करणारा माणूस बाहेर येऊन बघायला लागला. ओरडल्याचं वाईट वाटतंय. ज्यासाठी ओरडले त्याचं मात्र अजिबात वाटत नाही.

झालं असं की भाचीने तिची पहिली गाडी घेतली. जुनी, सेकंडहँड, पण इंजिन तब्येतीने उत्तम. फक्त टेप अखेरच्या घटका मोजतोय आणि स्पीकरच्या कडेचा फोम हात लावला की भुगा होऊन पडतोय. "मावशी, नवीन सिस्टिम बसवायची, तू येशील ना?" म्हणाली. गेले. पोराने डॅशबोर्डमधून जुना टेप सफाईने बाहेर ओढला, मागे लटकणारा कंपनीचा कपलर, म्हणजे सगळ्या वायरी एकत्र येतात तो प्लॅस्टिकचा जोड, डाव्या हातात धरला आणि उजव्या हातात कटर घेतला. कटरचं तोंड वायरींवर टेकलं होतं. मी ओरडले, "थांब!"

तो दचकला. म्हणाला, "काकू, हा कपलर नवीन सेटला बसत नाही. सगळ्या गाड्यांना आम्ही कापूनच जोडतो."

सगळ्या गाड्यांना. हे वाक्य मी पूर्वी ऐकलंय. बाबांच्या गाडीच्या वेळी. अगदी हेच शब्द.

तेव्हा मला नोकरी लागून दोनच महिने झाले होते. पहिल्या पगारातून बाबांसाठी काहीतरी करायचं होतं आणि मला सुचलं ते हे की त्यांच्या गाडीत दणदणीत सिस्टिम बसवायची. त्यांचा कंपनीचा कॅसेटवाला टेप होता, दोन्ही बाजूंना गोल बटणं. रस्त्यावरची नजर न हलवता ते बोटांनी स्टेशन लावायचे. "चालतोय की टेप," एवढंच म्हणाले होते. मी ऐकलं नाही. कपलर कापला, नवा सेट लावला, डिकीत खर्जासाठी मोठा स्पीकर म्हणजे सबवूफर, सीटखाली त्याला ताकद देणारा ॲम्प्लिफायर. टेप खोक्यात गेला, कपलर कचऱ्यात.

म्हणून आज ओरडले.

आता तुमच्यापैकी कोणीतरी म्हणेल, एवढ्याशा प्लॅस्टिकच्या तुकड्यासाठी? तर ऐका, तो तुकडा नाही. त्या गाडीचं मूळ वायरिंग जिथे संपतं आणि तुमची हौस जिथे सुरू होते, ती सीमारेषा आहे. तिच्या अलीकडे काय हवं ते करा. पलीकडे हात घातलात की गाडी कधीच पूर्वीसारखी होत नाही. ज्यांनी या गोष्टी ठरवल्या त्यांनी याचा विचार केलेला होता. सेटचं तोंड १८० बाय ५० मिलिमीटर, म्हणजे सिंगल डिन, आणि त्याच्या दुप्पट उंचीचा डबल डिन. हे माप ठरलं ते एक सेट काढून दुसरा सरळ सरकवता यावा म्हणून. मागच्या कपलरचंही आयएसओ मानक आहे, १०४८७ क्रमांकाचं: आठ पिनांचा एक भाग वीजपुरवठ्याचा, आठ पिनांचा दुसरा स्पीकरचा. अनेक कंपन्यांनी तरीही आपापले वेगळे कपलर वापरले, हे खरं. पण म्हणूनच अडॅप्टर मिळतो. एका बाजूला तुमच्या गाडीचा कपलर, दुसऱ्या बाजूला नव्या सेटचा. कपलर-टू-कपलर. खट्ट करून बसतो, खट्ट करून निघतो. एकही वायर सोलावी लागत नाही!

आणि हे न करता काय करतात? वायरी कापायच्या, टोकं दातांनी सोलायची, एकमेकांना पीळ द्यायचा, वर काळी टेप. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डमागे त्या टेपचा गोंद पाघळतो, टेप उलगडते, आणि खड्ड्याखड्ड्याला हादरणारे ते पीळ सैल होतात. मग एक स्पीकर मधूनच बंद पडतो. मग सेटमधली घड्याळाची वेळ रोज पुसली जाते, कारण कायम वीज देणारी पिवळी आणि चावी फिरवल्यावर वीज देणारी लाल यांची अदलाबदल झालेली असते. मग बॅटरी रात्रीत उतरते आणि दोष गाडीला लागतो. "जुनी गाडी आहे, असं होणारच." नाही हो! जुनी गाडी बिचारी व्यवस्थित होती.

एक मान्य करते. कधीकधी कपलर आधीच कोणीतरी जाळून किंवा तोडून ठेवलेला असतो, तेव्हा कापण्यावाचून इलाज नसतो. पण मग वायरी धातूच्या नळीत दाबून नीट क्रिंप करा किंवा सोल्डरचा डाग द्या आणि वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, चढवा. तो पीळ नको.

लिहिता लिहिता परत चिडतेय. थोडं दुसरं सांगते, म्हणजे शांत होईन.

गाडीत गाणं ऐकण्याची हौस किती जुनी आहे! १९३० साली अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी गाडीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला नाव दिलं मोटोरोला, मोटरवरून. पुढे तेच कंपनीचं नाव झालं. त्या काळी रेडिओ बसवणं म्हणजे गाडीवर शस्त्रक्रियाच असायची, आणि स्पार्क प्लगची खरखर रेडिओत घुसू नये म्हणून वेगळा बंदोबस्त करावा लागे. मग कॅसेट आली, मग ऐंशीच्या दशकात सीडी, मग ब्लूटूथ. इतक्या वर्षांत ती शस्त्रक्रिया टळावी म्हणूनच ही मापं आणि कपलर आले, आणि आपण अजून कटर घेऊन उभे.

बरं, वॅट. त्या पोराने भाचीला खोका दाखवला, त्यावर मोठ्या अक्षरात पन्नास वॅट गुणिले चार. तिचे डोळे चमकले. मी तिला म्हटलं, खोक्याच्या कडेला बारीक अक्षरात आरएमएस शोध. तो आकडा वीसच्या आसपास असतो, आणि सेट सतत देऊ शकतो ती शक्ती तेवढीच. मोठा आकडा क्षणभराचा. शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला थोडासाच जास्त वाटतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यापेक्षा संवेदनशीलता जास्त असलेले, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये मोठा आवाज देणारे स्पीकर घ्या. ८८ डेसिबलवाल्याऐवजी ९१ डेसिबलवाला घेतलात तर ॲम्प न बदलता वॅट दुप्पट केल्यासारखं होतं. हे कोणी सांगत नाही, कारण खोक्यावर ते मोठ्या अक्षरात नसतं.

आणि दारं! जुन्या गाडीत सगळ्यात आधी दारं. दाराच्या पत्र्यावर बोटाने टिचकी मारा, डब्यासारखा 'ढण्ण' आवाज येतो. त्या डब्यात तुम्ही कितीही भारी स्पीकर बसवा, पत्राच गाणार. स्पीकर जेवढी हवा पुढे ढकलतो तेवढीच मागे खेचतो. आतल्या पत्र्याची मोठाली भोकं उघडी राहिली तर मागची लहर पुढे येऊन पुढच्या लहरीला खाते आणि खर्ज गायब होतो. मग लोक म्हणतात, बेस नाही, सबवूफर लावा. अरे, आधी भोकं बुजवा! बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटाइल रबराची, थरथर शोषणारी डॅम्पिंग शीट लावा. सगळा पत्रा मढवायची गरज नाही, मधल्या मोकळ्या भागावर पाव हिस्सा झाकला तरी पत्र्याचं थरथरणं बरंच बसतं. लावण्यापूर्वी पत्रा स्पिरिटने पुसा, रोलरने दाबा. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती मात्र चुकूनही बुजवू नका, नाहीतर दार आतून गंजेल. एवढं करून टिचकी मारा, 'ठक' असा लाकडासारखा आवाज येईल. दारही बंद होताना नव्या गाडीसारखं होतं. मला तर तो आवाज कुठल्याही गाण्याइतका आवडतो.

बाबांच्या गाडीत यातलं काहीच केलं नव्हतं. सबवूफर सुरू झाला की मागची नंबर प्लेट आणि काचेखालची फळी थडथडायची. मी विचारलं होतं, "बाबा, कसा वाटतोय आवाज?" ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "छान आहे गं. फक्त शब्द कळत नाहीयेत."

शब्द कळत नाहीयेत. मी तेव्हा हसून सोडून दिलं. त्या एका वाक्यात सगळं होतं. ते गाणं शब्दांसाठी ऐकायचे, बातम्या माणसाच्या आवाजासाठी ऐकायचे, आणि मी त्यांना पत्र्याचा थरथराट आणून दिला. महिन्याभराने ते हळूच म्हणाले, "माझा टेप परत बसवता येईल का?" आम्ही गेलो विचारायला. कपलर नव्हता. मागे बोटभर वायरींची टोकं उरलेली, कुठली कशाची ते सांगणारं कोणी नाही. "आता नाही होणार," असं सांगितलं गेलं. बाबा काही बोलले नाहीत. त्यानंतर ते गाडीत गाणीच लावेनात.

सबवूफरच्या विरोधात मी नाही, हेही सांगते. छोटासा, नीट बसवलेला सब खालचा सगळा भार उचलतो, मग दारातल्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे अगदी खर्जाचं काम करावं लागत नाही आणि ते मोकळेपणाने गातात. मान्य. पण तो शेवटी. आधी दारं, मग स्पीकर, मग गरज वाटली तर चार चॅनलचा साधा ॲम्प, आणि मग सब.

आणि ॲम्प म्हटलं की वायर, आणि वायर म्हटलं की ती रात्र.

सिस्टिम बसवून चार महिने झाले होते. रात्री उशिरा परतत होतो, बाबा चालवत होते, मी शेजारी. रबर जळल्यासारखा वास आला. मला वाटलं बाहेरून येतोय. बाबांनी एका सेकंदात गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, आतून धूर. "लांब उभी राहा," म्हणाले. डिकीतून पान्हा आणला आणि बॅटरीचं काळं टर्मिनल सोडवलं. पक्कं गंजलेलं होतं, निघेना. तोपर्यंत ॲम्पची जाड वायर लाल होऊन तिच्यावरचं प्लॅस्टिक ठिबकत होतं. टर्मिनल निघालं तेव्हा त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना फोड आले होते. तीच बोटं ज्यांनी ते स्टेशन लावायचे.

कारण दुसऱ्या दिवशी कळलं. बॅटरीतून मागे जाणारी वायर इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला भोक पाडून नेली होती, त्या भोकात रबर घातलं नव्हतं. पत्र्याच्या धारेवर घासून घासून वायरचं आवरण फाटलं आणि तांबं पत्र्याला भिडलं. गाडीचा सगळा पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो, म्हणजे थेट शॉर्ट. आणि गाडीची बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर ओतू शकते. बॅटरीजवळ एक फ्यूज असता तर तो क्षणात उडाला असता, आम्हाला कळलंही नसतं. तो नव्हता. ॲम्पच्या अंगावर फ्यूज होता, पण तो ॲम्पला वाचवतो, वायरला नाही. वायरला वाचवणारा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच हवा.

एक फ्यूज. एक रबराचं बूच. एवढ्यासाठी माझे बाबा रस्त्याच्या कडेला रात्री जळक्या वायरीत हात घालून उभे होते, आणि आज एक पोर मला सांगतो, सगळ्या गाड्यांना आम्ही असंच करतो.

आता जरा राग उतरलाय. त्या पोराचाही पूर्ण दोष नाही म्हणा, त्याला दिवसाला पाच गाड्या उरकायच्या असतात आणि त्याला कोणी दुसरं काही शिकवलेलंच नाही. मी नंतर त्याला शांतपणे अडॅप्टर दाखवला, फोनवर. त्याने निरखून बघितला. म्हणाला, "हे तर सोपं आहे, काकू." मग त्यानेच जुना टेप परत जागेवर सरकवला आणि कपलर खट्ट बसवून दिला. चांगलं पोर आहे. उगाच इतकी ओरडले.

अडॅप्टर दोन दिवसांत येईल. रविवारी मी आणि भाची मिळून दारं उघडणार आहोत. स्पीकर मध्यम घेतलेत, सब नाही. ॲम्प छोटा आहे, तरी वायर पूर्ण तांब्याची घेतलीय, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची नाही. अर्थिंगसाठी रंग खरवडून थेट पत्र्यावर बोल्ट. भाचीचा काढलेला टेप तिच्याच डिकीत राहणार, कपड्यात गुंडाळून.

संध्याकाळी घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. ते पेपर वाचत होते. माझं बोलणं पूर्ण होईपर्यंत ऐकलं, चष्मा वर केला आणि एकच विचारलं, "फ्यूज कुठे लावणार आहेस?"

"बॅटरीपासून वीतभर अंतरावर, बाबा."

"आणि पत्र्याच्या भोकात?"

"रबर."

मान हलवली आणि परत पेपरात डोकं घातलं. मग पान उलटताना म्हणाले, "रविवारी मला पण उठव."