विलीनीकरण कंपन्यांचं झालं, माझ्या सिमचं नाही

दोन मोबाइल कंपन्या एक झाल्या की मेसेज येतो, 'तुम्हाला काहीही करावं लागणार नाही.' या एका वाक्याचा मला मनापासून राग येतो.

माझी कंपनी दुसरीत विलीन झाल्यावर आठवडाभर घरात नेट बंद होतं. रेंज फुल, कॉल लागतायत, डेटा मात्र नाही. कस्टमर केअरने तीनदा फोन रिस्टार्ट करायला लावला. शेवटी रेंजच्या दांड्यांजवळचं बारीक 'आर' मलाच दिसलं. फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवर पाहुणा म्हणून गेला होता, आणि बिल फुगू नये म्हणून डेटा रोमिंग मी कायम बंद ठेवते!

सिममध्ये आपला मोबाइल नंबर नव्हे, एक वेगळाच ओळख क्रमांक महत्त्वाचा असतो. बहुधा १५ अंकी. पहिले ३ अंक देशाचे, पुढचे २ किंवा ३ नेटवर्कचे. कंपनीचं नाव बदललं तरी सिमवरचा हा नेटवर्क कोड जुनाच राहतो, म्हणून नव्या कंपनीचा टॉवर फोनला परका वाटू शकतो. नवा टॉवर जुना-नवा असे दोन्ही कोड प्रसारित करत असेल, किंवा 'हे दोन्ही कोड एकच समज' असं नेटवर्कने फोनला कळवलं असेल, तर काहीच जाणवत नाही. हे काम कंपनीचं आहे, आणि ते अर्धवट राहिलं की भोगतो ग्राहक. एखाद्या नेटवर्कने सिमला नाकारलं तर तो कोड सिमवरच्या निषिद्ध यादीत जातो आणि फोन आपणहून तिकडे पुन्हा फिरकत नाही. अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडावं.

ब्रिटनमध्ये २०१० साली ऑरेंज आणि टी-मोबाइल एकत्र आल्या, तेव्हा एकमेकींचे टॉवर वापरायला ग्राहकांना आधी नोंदणी करावी लागली, आणि सुरुवातीला मिळालं फक्त टूजी. पण निदान स्पष्ट सांगितलं तरी होतं. अमेरिकेत टी-मोबाइल आणि स्प्रिंट १ एप्रिल २०२० ला एक झाल्या आणि दोनच वर्षांत स्प्रिंटचं सीडीएमए या जुन्या तंत्रज्ञानाचं नेटवर्क बंद करायला घेतलं. ज्यांचे फोन फक्त त्यावरच बोलू शकत होते, त्यांना नुसतं सिम बदलून भागणार नव्हतं, फोनच बदलायचा होता. असे जुने फोन बहुतेक वेळा म्हाताऱ्या माणसांकडे असतात. त्यांना एक मेसेज पाठवून मोकळं होणं मला अन्याय वाटतो.

विलीनीकरणाच्या पहिल्याच दिवशी नवं सिम फुकट मिळायला हवं, मागावं न लागता.

तोवर स्वतःच मागून घ्या. नंबर तोच राहतो, पण जुन्या सिमवर सेव्ह केलेली नावं नव्यावर येत नाहीत, ती आधी फोनमध्ये उतरवून ठेवा.