आपल्या गावात ड्रग्ज नाहीत!

२०२३ च्या ऑगस्टात दापोलीकडे कर्दे, लाडघर, केळशीच्या किनाऱ्यांवर चरसाची पाकिटं वाहून आली, तेव्हा तुम्ही हादरलात ते योग्यच केलंत. असेच हादरत राहा. कस्टमवाले वाळू तुडवत होते आणि आपण नाक्यावर उभं राहून, तोंडातला गुटखा या गालातून त्या गालात सरकवत म्हणत होतो, "पोचले हो ड्रग्ज आपल्या कोकणात!" (गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. म्हणूनच तो टपरीत मांडलेला नसतो, मागावा लागतो.)

तेव्हा ड्रग्ज कशाला म्हणायचं, हे आधी पक्कं करा. समुद्रातून येतं ते ड्रग्ज. गोव्याच्या हद्दीवरच्या बांद्याच्या नाक्यावरून डिकीत, चादरीखाली येते ती 'गोवा बनावटीची' दारू. तिला ड्रग्ज म्हणणं म्हणजे घरी आलेल्या पाहुण्याचा अपमान. काजूच्या बोंडांची दारू, म्हणजे हुर्राक, हे तर औषध, फक्त ते कोणत्या रोगावर चालतं ते विचारू नये. माडी झाडाची, म्हणजे आयुर्वेदिक. आणि देवचाराला, म्हणजे गावाच्या राखणदाराला, दाखवतो ती बाटली? ती देवचाराचीच. तो सोडतो तेवढी आपण प्रसाद म्हणून घेतो. त्याने आजवर फारशी घेतलेली नाही, हा त्याचा मोठेपणा.

मशेरी तर कुठल्याच यादीत घालू नका. आजी चुलीवर तवा ठेवून तंबाखू भाजायला घेते, माजघरभर धूर होतो, पोरं ठसकत अंगणात पळतात. तंबाखू काळी झाली की ती चुरून डबीत भरते आणि तर्जनीने हिरड्यांना लावत बसते. दिवसातून सहा वेळा. त्याला दात घासणं म्हणतात.

कोणी अभ्यासू भाचा एम्सच्या २०१९ च्या अहवालातले आकडे सांगू लागला, तर गांगरू नका. देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी, भांग-गांजा-चरसवाले ३ कोटी १० लाख, अफू-हेरॉईनच्या जातीतलं घेणारे २ कोटी २६ लाख. झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्यांवाले कोटीच्या वर. कोकेन मात्र हजारात एखादा. तुम्ही टीव्हीवर त्या एखाद्याच्याच बातम्या बघा. कपडे चांगले असतात त्यांचे.

त्याच अहवालात आणखी एक नकोशी गोष्ट आहे: हुंगायच्या नशेत मोठ्यांपेक्षा मुलांचं प्रमाण जास्त. असू दे. मुलाच्या दप्तरात पंक्चरचं सोल्युशन सापडलं आणि घरात सायकलच नसेल, तर शाळेचा प्रोजेक्ट असेल असं समजा आणि चेन लावून टाका.

कायद्यावरही विश्वास ठेवा. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा फार चोखंदळ आहे. एकाच झाडाचा फुलोरा तोडला तर गांजा, नुसतं पान खुडलं तर ती भांग, गांजाच्या व्याख्येबाहेर. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, त्या यादीत २०१५ साली बसलं. दारू तर यादीत नाहीच, तिच्यासाठी वेगळं खातं आहे, आणि ते महसूल आणतं.

राहता राहिला तुमचा चुलता. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांसोबत बसला तो अजून उठलेला नाही. त्याला डॉक्टरकडे नेऊ नका, लोक काय म्हणतील! दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकाला कसलेतरी उपचार मिळतात, तो एक दुसऱ्या कुणाच्या घरचा असू दे. चुलत्याला देवळात नेऊन नारळावर हात ठेवायला लावा. नारळ दर वर्षी नवा घ्या.

पुढेमागे व्हायचं ते झालंच, तर फलकावर 'अल्पशा आजाराने' एवढंच लिहा. आणि लाकडं फोडायला येतील त्यांच्यासाठी दोन बाटल्या आधीच आणून ठेवा, ऐन वेळी मिळत नाहीत.