"हलतच नाहीये!"

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे इंग्लंडला गेले होते. नातवाच्या हट्टापायी एका झूमध्ये कोमोडो ड्रॅगन बघायला गेलो. काचेसमोर ही गर्दी, आणि ड्रॅगनसाहेब खडकाआड. शेपटीचं टोक तेवढं बाहेर. शेजारी आपलंच एक मराठी कुटुंब. त्यातले काका वैतागून म्हणाले, "एवढं तिकीट काढून शेपटी बघायची? हलतच नाहीये!" आणि काचेवर टकटक सुरू.

परदेशात कशाला वाद, म्हणून गप्प बसले. इथे बोलते.

काका, त्याला लपता येतंय हीच त्या घराची खरी करामत. लहानपणी मी एका प्राणिसंग्रहालयात घोरपडीचा पिंजरा पाहिला होता. सिमेंटची फरशी, पाण्याचं घमेलं, वर पत्रा. सिंहगडच्या यशवंतीच्या गोष्टी ऐकून गेलेले आम्ही, आणि ती कोपऱ्यात पडलेली. पण दिसायची मात्र सगळ्यांना. अगदी छान दिसायची.

कोमोडो हा आपल्या घोरपडीचाच भाऊबंद, फक्त 3 मीटरपर्यंत वाढणारा. इंडोनेशियातल्या कोमोडो, रिंचा, फ्लोरेस अशा मोजक्या बेटांवरच तो रानात उरलाय, आणि 2021 पासून जागतिक लाल यादीत 'संकटग्रस्त' आहे. त्याच्या घरातले रंगवलेले डोंगर आपल्यासाठी असतात. त्याला हवा असतो 40 अंशांच्या वर तापलेला एखादा खडक, आणि त्याच घरात चार पावलांवर गारवा. शेकायचं कधी, सावलीत जायचं कधी, हे त्याचं तो ठरवणार. वर अतिनील किरणांचे दिवे, नाहीतर हाडं कमकुवत होतात. पिल्लांना वेगळी खोली आणि चढायला फांद्या, कारण मोठे ड्रॅगन पिल्लांनाही सोडत नाहीत. रानात बिचारी झाडावरच वाढतात.

आणि मादीला अंडी घालायला खोल माती. नर नसला तरीही! चेस्टरच्या झूमधल्या फ्लोराने 2006 साली नराशिवाय अंडी घातली, त्यातून पिल्लंही निघाली. सगळी नर.

हे काही आजचं फॅड नाही. लंडन झूचं 1927 मधलं सरपटणाऱ्या प्राण्यांचं घर जोन प्रॉक्टर या बाईंनी आखलं, तेव्हाच वेगवेगळ्या जागी वेगवेगळी ऊब मिळेल अशी विजेची सोय त्यात केली होती. त्यांचा सुंबावा नावाचा कोमोडो त्यांच्यासोबत बागेत फिरायचा म्हणे. बाई कायम आजारी, चौतिसाव्या वर्षी गेल्याही.

तर काका कंटाळून कॅफेकडे गेले. आम्ही तिथेच फतकल मारून बसलो. अर्ध्या तासाने खडकामागून आधी पंजा आला, मग डोकं, मग ती लांब, पिवळट, दुभंगलेली जीभ. दोनदा बाहेर, दोनदा आत. की परत गेला सावलीत.

नातू घरी येईपर्यंत बसमध्ये जीभ काढून दाखवत होता.